परराज्यात प्लंबिंग शिकायला जाणारा मुलगा

(खासबाग येथे मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा कार्यकारिणीत थोडी कुजबुज झाली. आपल्या व्यासपीठावर सीमाप्रश्न, मराठी शाळा, महापालिकेची निवडणूक असे विषय होतात. त्यात हा प्लंबर कुठून आला, असे काहींना वाटले. आला तो असा, की खासबाग, वडगाव, शहापूर भागातली दहावी-बारावी झालेली मुले नळकाम शिकायला गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात जातात आणि त्यांचे आई-वडील जाण्याआधी आमच्याकडे कागद विचारायला येतात. आम्ही पडलो बँकेतले कारकून, शिक्षण बी.कॉम. पान्हा कसा धरायचा हे आम्हाला विचारू नका. पण करार, खाते, पत्ता आणि सही या गोष्टी आमच्या रोजच्या आहेत, आणि परराज्यात शिकायला गेलेल्या मुलाचे नुकसान बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

आधी घरातली गोष्ट बोलून टाकू. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे इथे पिढ्यानपिढ्या आहेत. वाडा नसेल पण नाव आहे. मुलगा प्लंबर होणार म्हटले की आजोबा गप्प होतात आणि आजी विचारते, ‘दुसऱ्याच्या मोरीत हात घालणार काय रे?’ लग्नाच्या बाजारात काय सांगायचे, ही खरी काळजी असते. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की ज्या खासबागेत घराघरांत माग चालले आणि खटखट ऐकतच पोरे अभ्यासाला बसली, तिथे हाताच्या कामाची लाज कधीपासून वाटू लागली? आज माग बंद पडत आहेत. मुलाने पदवी घेऊन पतपेढीत तीन वर्षे ‘तात्पुरता’ म्हणून काढलेली चालतात, पण पाइप रेंच चालत नाही. हे आम्हाला पटत नाही.

आणि परराज्याचे म्हणाल तर ते आपल्याला नवे नाही. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते. बेळगाव इंग्रजांच्या मुलखात आणि शहापूर पटवर्धनांच्या. मधे चार पावलांचे अंतर. म्हणजे आपले पणजोबा सकाळी भाजी घ्यायला परराज्यात जाऊन दुपारी जेवायला परत येत होते! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे इथली जागा सोडावी लागली म्हणून त्यांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. सरहद्द ओलांडूनच तो माणूस मोठा झाला आणि त्याच्या कारखान्याचे नाव पुढे पाण्याच्या पंपांसाठी घरोघरी गेले. आपण आजही किर्लोस्कर रोड म्हणतो, पण तिथून चालताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. परराज्यात नळकाम शिकायला जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एकीत ओळखीचा ठेकेदार म्हणतो, ‘पाठवा पोराला, राहायची सोय करतो, दोन वर्षांत तयार होईल.’ याला आपण हेल्पर म्हणतो. दुसरीत मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून जातो. दोघांच्याही हातात पहिल्या दिवशी तोच हातोडा आणि तीच छिन्नी असते. फरक कळतो तो चार वर्षांनी.

आमच्याच ओळखीतल्या एका घरातला मुलगा बारावी करून गोव्याला ठेकेदाराकडे गेला. चार वर्षे राबला. काम चांगले शिकला, यात शंका नाही. मग पुण्याला एका मोठ्या इस्पितळाच्या देखभाल विभागात जागा निघाली. तिथे पहिलाच प्रश्न आला, प्रमाणपत्र कुठे आहे? ठेकेदाराकडून दोन ओळींचे पत्र मागितले तर तो म्हणाला, ‘तू माझ्याकडे होतास याला काय पुरावा?’ पैसे रोख मिळायचे, हजेरी वहीत मांडलेली, वही ठेकेदाराच्या गाडीत. चार वर्षांची एक नोंदही मुलाच्या नावावर नव्हती. आम्ही त्याचे पासबुक चाळले, तेव्हा त्यात वर्षातून दोन वेळा गणपतीला आणि दिवाळीला भरलेली रोकड दिसली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्या मुलाने ती चार वर्षे काही कमावले, असे म्हणायलाच जागा नव्हती.

अप्रेंटिसचे तसे नसते. तिथे मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. करार नोंदवला जातो आणि आता हे काम केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया या संकेतस्थळावर होते. नोंदणीचा क्रमांक मिळतो. मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि पास झाल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, ते पणजीत चालते तसे पाटण्यातही चालते. ओव्हरटाइम मालकाच्या मर्जीने करून घेता येत नाही, त्याला शिकाऊ उमेदवारी सल्लागार या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकणारे कलम त्याच कायद्यात आहे. नळकामात इजा म्हणजे नुसते बोट चेपणे नव्हे. चौथ्या मजल्यावर शाफ्टमध्ये बांबूवर उभे राहून पाइप बसवायचा असतो.

मात्र दोन गोष्टी पालकांनी आधीच समजून घ्याव्यात. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नाही, शिकणारा आहे. त्यामुळे कामगारांचे पुष्कळ कायदे त्याला लागू होत नाहीत. आणि शिकून झाल्यावर त्याच मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही. ‘कायम करतो’ असे कुणी तोंडी सांगितले असेल तर ते तोंडीच समजावे.

पैशाचा हिशेब मांडू, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवले ते असे: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पासला ६,०००, बारावी पास किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००. करार करताना त्या दिवशीचा आकडा पाहून घ्यावा, कारण हे दर बदलतात. आता समजा बारावी झालेला मुलगा ७,००० वर गेला. चौघांत मिळून खोली, दोन वेळची खाणावळ, बस, मोबाइल, सगळे मिळून ९,००० धरा. महिन्याला २,००० घरातून पाठवावे लागतील. उलट हेल्परला रोजचे ५०० धरले आणि महिन्यातून २५ दिवस काम मिळाले तर साडेबारा हजार होतात. दोन्हींत महिन्याला साडेपाच हजारांचा फरक, वर्षाला ६६,०००. शेजारचा मुलगा घरी पैसे पाठवतो आणि आपला मागतो, हे आईला बघवत नाही. आम्ही म्हणतो, हे ६६,००० रुपये म्हणजे फी समजा. खासगी महाविद्यालयात याहून जास्त भरतो आणि हातात काय पडते ते आपण बघतोच आहोत. पण घरात दुसरे मिळवते माणूसच नसेल तर आम्ही हा उपदेश करणार नाही. त्या घराने हेल्परची वाट धरली तर त्यात काही चुकले नाही. त्या मुलाने काय करावे ते पुढे सांगतो.

खात्याबद्दल नीट ऐका, कारण यात रोज घोळ होतो. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा एक वाटा, २५ टक्के आणि जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, सरकार भरते. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते. खात्याला आधार दाखवला म्हणजे ते जोडले गेले असे नाही. आधार पुष्कळ खात्यांना दिलेला असतो, पण सरकारी पैसा ज्या खात्यावर शेवटचे ‘सीडिंग’ झाले तिथेच जातो. मुलगा गोव्यात नवे खाते काढतो, तिथे फॉर्मवर एक खूण करतो आणि इकडे आई काउंटरवर येऊन विचारते, ‘साहेब, पैसे आले काय?’ पैसे आलेले असतात, पण पणजीच्या खात्यात. दुसरे म्हणजे अज्ञान असताना काढलेले खाते अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सहीने आणि नव्या कागदांनी चालू करून घ्यावे लागते. हे जाण्याआधी इथेच उरका. पत्ता बदलला म्हणून खाते बंद होत नाही. आधारवर खासबागचा पत्ता ठेवून सध्याचा पत्ता स्वतःच्या निवेदनाने देता येतो.

आता कामाविषयी जे आम्ही जाणकारांकडून ऐकले, ते सांगतो. पूर्वी जीआय पाइपला डायने आटे पाडायचे, सुतळी आणि सफेदा लावून सांधा आवळायचा. त्यात मनगट लागायचे आणि ते बघून-बघून येत असे. आज घरात सीपीव्हीसी आहे, सॉल्व्हंटने चिकटवतात, आणि दिसायला ते पोरखेळ वाटते. पण चिकटवलेला सांधा किती वेळ सुकू द्यायचा, गरम पाण्याच्या लाइनला कुठला पाइप चालतो, प्लास्टर करण्याआधी तोंडे बंद करून दाब देऊन काटा खाली येतो का ते किती वेळ बघायचे, हे न कळणारा माणूस भिंतीच्या आत गळती पुरून ठेवतो. बाथरूमच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे राहते, तेच गटारीचा वास अडवते. हवेचा पाइप दिला नाही तर वरच्या मजल्यावरचा फ्लश ते पाणी ओढून नेतो आणि घरात वास सुटतो. मग घरमालक फिनेल ओततो! हेल्पर वर्षभर भिंतीला खाचा पाडतो आणि सामान वर नेतो. नकाशा मिस्त्रीच्या हातात असतो आणि तो घडी घालून खिशात ठेवतो. अप्रेंटिसला काय काय शिकवायचे याचा अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि तो त्याच्यावर बोट ठेवून विचारू शकतो. प्रत्यक्षात किती विचारतात, हा भाग वेगळा.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्याचे उदाहरण या बाबतीत देण्यासारखे आहे. दिल्ली, मुंबई, बंगळूर, इतकेच काय आखातातही तिथले प्लंबर सापडतात. सुरुवात कलकत्त्यात झाली असे सांगतात. इंग्रजी कंपन्यांकडे तिथली माणसे मदतनीस म्हणून लागली, फाळणीनंतर जुने कारागीर पूर्व पाकिस्तानात गेले आणि जागा मोकळ्या झाल्या. मग काका पुतण्याला नेऊ लागला, मेहुणा मेहुण्याला. गावेच्या गावे या धंद्यात आली. काम उत्तम, पण कागद नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांत आणि परदेशात भाव मिळेना. अखेर त्याच जिल्ह्यात पट्टामुंडाई इथे सरकारने नळकामाची स्वतंत्र संस्था काढली. म्हणजे ज्यांच्या रक्तात हा धंदा आहे असे आपण म्हणू, त्यांनाही शेवटी प्रमाणपत्राकडे यावे लागले. आपल्याकडे काकाही नाही आणि मेहुणाही नाही, निदान कागद तरी असावा.

जो हेल्पर म्हणूनच गेला आहे, त्याच्यासाठी आता. त्याने पैसे खात्यात घ्यावेत, निदान काही भाग तरी. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर त्या राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवता येते. ते काम जिथे करतो त्या राज्यात, बेळगावात नव्हे. आणि अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, तिला ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ म्हणतात. वर सांगितलेल्या मुलाला आम्ही शेवटी तिकडेच पाठवले. आयटीआयचा विचार असेल तर प्लंबर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रवेश घेण्याआधी त्या तुकडीची मान्यता राष्ट्रीय आहे की फक्त राज्यापुरती, एवढे विचारा. परराज्यात जायचे असेल तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा.

शिधापत्रिकेची काळजी करू नका. एक देश एक रेशन कार्ड योजनेत कर्नाटकाच्या कार्डावर गोव्यात किंवा महाराष्ट्रात आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि घरच्यांचा वाटा इथेच राहतो. तक्रारीचे मात्र उलट आहे. मालकाचा व्यवसाय एकाच राज्यापुरता असेल तर दाद त्या राज्याच्या सल्लागाराकडे मागायची. बेळगावात अर्ज देऊन उपयोग नाही आणि आपल्या मंडळाने पत्र दिले तरी उपयोग नाही. शिकाऊ उमेदवारीच्या मूळ कायद्यात रहिवासाची अट नाही. राज्यांच्या स्वतःच्या योजनांत मात्र ती असते, तिथे आपला मुलगा दोन्हीकडून अडकतो. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तिथल्या मराठी उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या काही प्रवेशांत आणि भरतीत वेगळी तरतूद असते. ती माहितीपुस्तिकेत मागच्या पानावर, बारीक अक्षरात असते. ते पान काढून वाचा.

२०२० च्या टाळेबंदीत कोगनोळीच्या नाक्यावर काय झाले ते निपाणीकडच्या मंडळींना सांगायला नको. रोज ज्या रस्त्याने एसटी जाते, तिथे पास विचारला गेला. कुठे काम करतोस, कोणाकडे, कशावरून, असे प्रश्न होते. ज्याच्याकडे करार होता त्याच्याकडे दाखवायला काहीतरी होते.

आता राहिला तो प्रश्न, जो इथे बसलेल्या ज्येष्ठांच्या मनात सुरुवातीपासून आहे. पोरे अशी जायला लागली तर इथे राहणार कोण? १ नोव्हेंबर १९५६ ला आपण न हलता राज्य बदलले. तेव्हापासून ज्यांनी काळा दिन पाळला, सत्याग्रह केला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा मोजल्या, त्यांना आपलीच मुले चोर्ला घाट उतरताना बघून वाईट वाटते. ते वाटणे खोटे नाही. प्रभागात चारशे मतांनी जय-पराजय ठरतो, हेही आम्हाला माहीत आहे.

पण मुलाला पोटापासून अडवून मतदार यादी भरता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग कुणाला ते आवडो न आवडो. आणि कायदा तितका वाईटही नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० आहे. राहत्या जागेपासून तात्पुरता दूर गेलेला माणूस तेवढ्यावरून तिथला रहिवासी राहत नाही, असे होत नाही. शिकायला वर्ष-दोन वर्षे गेलेला आणि परत येणारा मुलगा खासबागेतच मतदार राहू शकतो. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवायचे नाही. तो गुन्हा आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात तसे काही सुचवू नये. तिकडेच संसार थाटला तर तिकडे नाव घालावे, इथले काढावे. नुसते घर इथे आहे म्हणून मत इथे राहत नाही, हेही त्याच कलमात आहे.

आणि सगळेच जातात ते कायमचे असे नाही. बेळगावच्या काही प्रभागांत जागतिक बँकेच्या मदतीने २४ तास पाणी आले, तेव्हा जुन्या घरांतल्या नळांची परीक्षा झाली. राकसकोप आणि हिडकलचे पाणी चार दिवसांनी तासभर यायचे, तेव्हा गळतीही तासभरच असायची. दाब कायम राहिला की भिंती बोलू लागतात. ज्या ज्या भागात हे पाणी पोचेल तिथे दाब, व्हॉल्व आणि मीटर कळणारा माणूस लागणार. तो बाहेरून मागवायचा की आपला शिकून आलेला असावा, हे घरोघरी ठरेल.

दर शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. रविवारी नको, बाजाराच्या गर्दीत कागद बघणे होत नाही. येताना दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, पासबुक आणि ठेकेदाराने किंवा कंपनीने जे काही लिहून दिले असेल ते आणा. काहीच लिहून दिले नसेल तर त्याचा फोन नंबर आणा, आपण तिथूनच फोन लावून विचारू. आणि मुलाला बरोबर आणा. मागच्या महिन्यात तीन वडील एकटेच आले आणि प्रत्येकाने सांगितले की पोराची तयारी आहे. त्यांतल्या दोन पोरांना आपण कुठे जाणार आहोत, हेच माहीत नव्हते.